पी-०४२० : जुन्या गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं निदान, दिवा लागल्यापासून पीयूसी मिळेपर्यंत

१४ जुलै २०२५, सोमवार. वारज्याहून कात्रजच्या दिशेने हायवेला लागल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. गाडी ओढत होती, आवाज नेहमीचाच होता, तापमानाचा काटा जागेवर होता. गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, ऑगस्ट २०१३ ची नोंदणी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली.

इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची. दिवा नुसता लागून राहिला तर दोन-चार दिवसांत तपासून घेता येतं. पण दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातंय. अशा वेळी गाडी कडेला घ्यायची. पुढे जे आठ आठवडे गेले, त्याचं मूळ जूनमधल्या अशाच दहा दिवसांत होतं, पण ते कळायला ऑगस्ट उजाडला.

१५ तारखेला घराजवळच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पाचशे रुपये. कोड निघाला पी-०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (थोडक्यात कॅट, इंजिनचा विषारी धूर साफ करणारा सायलेन्सरच्या नळीतला डबा) कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली. पाच मिनिटांत निकाल लागला.

"साहेब, कॅट गेलाय. नवा टाकायचा तर तीस-पस्तीस हजार. नाहीतर जाळी फोडून देतो, तीन हजारात काम होईल. मागच्या सेन्सरला स्पेसर टाकला की दिवाही लागणार नाही."

हा सल्ला पुण्यात सर्रास मिळतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. जाळी फोडली की इंजिनमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जसेच्या तसे बाहेर पडतात. कर्वे रोडच्या सिग्नलला आपल्या मागे स्कूटरवर आई-बाप आणि मध्ये बसवलेलं पोर असतं, ते हे सगळं नाकात घेतं. पीयूसीला गाडी नीट तपासली तर ती पास होत नाही. आणि स्पेसर हा मागच्या सेन्सरला वायूच्या प्रवाहापासून लांब नेऊन फसवण्याचा प्रकार आहे, दुरुस्ती नव्हे. जाळी फोडायला नकार दिला. पण नवा कॅट टाकायलाही लगेच होकार दिला नाही, कारण पी-०४२० हा कोड 'कॅट खराब आहे' असं म्हणतच नाही.

कोड काय म्हणतो ते समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्या कशासाठी आहेत ते आपोआप कळतं. कॅटच्या डब्यात सिरॅमिकची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, एका चौरस इंचात साधारण चारशे किंवा त्याहून जास्त भोकं. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो आणि सोबत सिरियम ऑक्साइड. हा सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. आपल्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं त्याचं काम आहे. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि जातं, पण टाकी असली की घरातल्या नळाला ते जाणवत नाही. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. पुढचा सेन्सर सतत खालीवर होतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट, कारण इंजिन मिश्रण सारखं किंचित घट्ट, किंचित पातळ करत राहतं. टाकी धड असेल तर मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. टाकी फुटली की मागचाही पुढच्याची नक्कल करू लागतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, एवढंच दिसतं, की मागचा सेन्सर फार हलतोय. तो कॅटमुळे हलतोय, की मध्येच कुठून बाहेरची हवा आत येतेय, हे त्याला ठरवता येत नाही. ते आपण ठरवायचं.

१६ जुलैला ब्लूटूथचा ईएलएम-३२७ अडॅप्टर आणला, गाडीतली माहिती फोनवर दाखवणारा, साडेआठशे रुपये. एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ (प्रदूषण नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे दोष स्वतः शोधून कोड देणारी यंत्रणा आहे, त्यामुळे स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडतं आणि फोनवरचं कुठलंही साधं स्कॅनर अॅप चालतं. त्याआधीच्या गाड्यांमध्ये हा कोड मिळेलच असं नाही. तिथे पीयूसीचे आकडे आणि दाबाची तपासणी यावरच भिस्त ठेवावी लागते.

कोड उडवायच्या आधी फ्रीज फ्रेम लिहून घ्या. कोड लागला त्या क्षणीची माहिती त्यात असते आणि कोड डिलीट केला की तीही जाते. इथे ती अशी होती: वेग ६२, इंजिन २,२५० आरपीएम, पाण्याचं तापमान ९१ अंश. म्हणजे गरम इंजिन, एकसारखा वेग. कॅटची चाचणी ईसीयू अशाच वेळी घेतो, त्यामुळे कोड खोटा नव्हता.

मग फ्युएल ट्रिम पाहिलं, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करतोय तो आकडा. लाँग टर्म ट्रिम (दीर्घकाळाचा आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि रेस न देता, अधिक ७ टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक ६. हा आकडा पाहून बरेच जण घाबरतात. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर कुठेतरी व्हॅक्यूमची नळी फुटली आहे असं समजायचं. दोन्हीकडे जवळपास सारखा असेल, तर आधी पेट्रोलचा विचार करायचा. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-१० ला (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं) साधारण १४.१, ई-२० ला (वीस टक्के) साधारण १३.५. जुन्या गाडीचा ईसीयू जुन्या पेट्रोलचं गणित धरून बसलेला असतो, म्हणून ई-२० वर तो जास्त इंधन सोडतो आणि ट्रिम अधिकमध्ये दिसतं. हा दोष नाही. दहाच्या वर आकडा गेला असता तर मात्र इंजेक्टर, पेट्रोल पंपाचा दाब आणि हवेची गळती, हे सगळं आधी शोधावं लागलं असतं.

१९ जुलैला गळती शोधली. या गाडीत मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर गोळा करणारी नळी), मग पुढचा सेन्सर, मग तीन नटांचा फ्लँज, म्हणजे नळ्यांचा जोड, मग कॅट, मग मागचा सेन्सर अशी रचना आहे. त्या फ्लँजचं पॅकिंग गेलं तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचा सेन्सर खोटं बोलतो. याच्या खुणा दोन. गार इंजिन चालू करताना पहिल्या मिनिटात टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की थांबतो. आणि फ्लँजच्या कडेला काजळीची बारीक काळी रेघ उमटलेली असते. इथे आवाज नव्हता, पण टॉर्च मारल्यावर रेघ दिसली. खात्रीसाठी बंद आणि गार गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू फडक्याने घट्ट बांधली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. फ्लँजवर बुडबुडे आले. फ्लेक्सिबल पाइपची जाळीही अशीच तपासा, जुन्या गाड्यांत ती आतून फाटते आणि वरून धड दिसते.

पॅकिंग १८० रुपये, मजुरी ४००. कोड उडवला.

आता थांबायचं होतं. कोड उडवल्यावर ईसीयूच्या सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि कॅटची चाचणी पूर्ण व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो. शहरातल्या अडत-खडत गाडी चालवण्यात ती आठवडाभरही होत नाही. सकाळी सहाला चांदणी चौकातून खेड शिवापूरच्या टोलपर्यंत, जमेल तिथे पाचव्या गिअरमध्ये साठ-सत्तरच्या वेगाने, अॅक्सिलरेटरवर पाय न हलवता दहा-पंधरा मिनिटं नेलं तर होते. कात्रजच्या नव्या बोगद्याआधीच्या चढावर ती मध्येच सुटते, बोगद्यानंतर पुन्हा पकडते. २७ जुलैच्या रविवारी चाचणी पूर्ण झाली आणि पी-०४२० पेंडिंगमध्ये आला. दिवा अजून लागला नव्हता, कारण हा कोड सलग दोन फेऱ्यांत सापडल्याशिवाय दिवा लागत नाही. २ ऑगस्टला तोही लागला. पॅकिंग खराब होतंच, पण दोष तेवढाच नव्हता. ५८० रुपये आणि दोन आठवडे गेले, तरी ही पायरी गाळू नका. तीस हजारांचा पार्ट टाकल्यावर ही गळती निघाली असती तर नव्या कॅटवरही तोच कोड आला असता.

३ ऑगस्टला सेन्सरचे आलेख पाहिले. अॅपमध्ये एका वेळी दोनच गोष्टी निवडा, पुढचा आणि मागचा सेन्सर. स्वस्त अडॅप्टर दहा आकडे एकदम मागितले की हळू होतो आणि आलेख सपाट दिसून फसवतो. गाडी पंधरा मिनिटं चालवून, उभी करून, तीन मिनिटं २,५०० आरपीएम धरून ठेवलं. कॅट अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय कामच सुरू करत नाही, त्यामुळे गार गाडीवर केलेली ही तपासणी फुकट. वीस सेकंदांत पुढचा सेन्सर ०.४५ व्होल्टची रेघ चौदा वेळा ओलांडत होता. मागचा बारा वेळा. चांगल्या कॅटवर मागच्याने ती रेघ वीस सेकंदांत एक-दोनदा ओलांडली तर ओलांडली.

मागचा सेन्सरच बिघडलाय का? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि बरेच जण साडेतीन-चार हजारांचा सेन्सर आधी बदलून पाहतात. सेन्सर म्हातारा झाला की तो मंदावतो, सपाट होतो. मंदावलेला मागचा सेन्सर खराब कॅट झाकून टाकेल, चांगल्या कॅटला बदनाम करणार नाही. इथला सेन्सर चपळ होता, म्हणजे तो खरं सांगत होता.

एक तपासणी सगळ्यांत बोलकी वाटली. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढायचा. इंजेक्टर बंद होतात आणि सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. पुढचा सेन्सर लगेच ०.१ वर येतो. कॅटची टाकी मोठी असेल तर मागचा थोडा रेंगाळून खाली येतो, कारण आलेली हवा आधी कॅट पिऊन घेतो. इथे दोन्ही रेघा जवळपास एकत्रच कोसळल्या. टाकीच उरली नव्हती. आकडे शेजारच्या सीटवरच्या माणसाने पाहायचे, चालवणाऱ्याने नाही.

५ ऑगस्टला सिंहगड रोडच्या बाजूच्या एका जुन्या, जाणत्या मिस्त्रींकडे दाब तपासला. कॅट दोन प्रकारे मरतो. एक, जाळी चोंदते आणि गाडी श्वास घेऊ शकत नाही. दोन, जाळी मोकळी असते पण वरचा थर निकामी होतो. पहिल्या प्रकारात बोपदेव घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडते. दुसऱ्यात गाडी अगदी छान पळते, म्हणूनच मालकाचा दिव्यावर विश्वास बसत नाही.

इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज बाराशे रुपयांना मिळाला. पुस्तकांत आयडलला १७ ते २१ इंच पारा लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. पुणे जवळपास ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांवर आहे, त्यामुळे इथे १५ ते १९ हे निरोगी धरायचं. हे न कळल्यामुळे धड इंजिनं उघडली जातात. या गाडीत काटा १७ वर स्थिर होता. २,५०० आरपीएमला तीन मिनिटं धरल्यावर साडेअठरावर गेला आणि तिथेच राहिला. चोंदलेल्या कॅटमध्ये तो हळूहळू घसरत येतो. नंतर मिस्त्रींनी पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाबाचा गेज लावला. आयडलला ०.६ पीएसआय, २,५०० ला १.४. आयडलला सव्वाच्या वर किंवा २,५०० ला तीनच्या वर गेलं तर अडथळा समजायचा. इथे अडथळा नव्हता. या तपासणीचे ८०० रुपये.

त्यांनी रबरी हातोड्याने डबा ठोकून पाहिला. खळखळ आली.

"काका, जाळी फुटली का आत?"

"थांबा, घाई नको." त्यांनी वरच्या पत्र्याच्या हीट शील्डला स्क्रूड्रायव्हरने दाबून धरलं आणि पुन्हा ठोकलं. आवाज बंद. शील्डचा एक बोल्ट गंजून सैल झाला होता, एवढंच. ही चूक फार होते.

इन्फ्रारेड थर्मामीटरही लावून पाहिला. कॅटच्या आधी २६८ अंश, नंतर २७१. चालणाऱ्या कॅटमध्ये मागची बाजू जास्त गरम हवी, असा नियम सांगतात. पण आयडलवर नीट जळणाऱ्या इंजिनात कॅटला जाळायला फारसं उरतच नाही आणि फरक लहानच येतो. शिवाय चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. या आकड्यावर एकट्याने काही ठरवू नका.

८ ऑगस्टला पीयूसी. जुनं प्रमाणपत्र २१ ऑगस्टला संपणार होतं आणि बीएस-४ गाडीला ते वर्षभराचं मिळतं, त्यामुळे तसंही जायचंच होतं. खर्च १२५ रुपये. गाडी पूर्ण तापवून न्या, रांगेत इंजिन बंद करू नका. प्रोब सायलेन्सरमध्ये फूटभर आत गेला पाहिजे. तोंडाशी ठेवला तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटे चांगले येतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, २०० पीपीएमपर्यंत चालतं, वाढवलेल्या रेसला, म्हणजे २,५०० च्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ०.२ आणि लँब्डा ०.९७ ते १.०३.

गाडी नापास झाली. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.४१, हायड्रोकार्बन १६८. रेसला कार्बन मोनॉक्साइड ०.३४, लँब्डा १.००६.

नापास झाल्यावर लोक वैतागून निघून जातात. जाऊ नका, स्क्रीनचा फोटो घ्या. निदानाचा सगळ्यांत पक्का पुरावा त्याच स्क्रीनवर असतो. लँब्डा म्हणजे हवा आणि इंधनाचं एकूण प्रमाण. तो सगळ्या वायूंवरून काढतात, त्यामुळे कॅट काम करो न करो, लँब्डा तोच राहतो. लँब्डा बिघडलेला आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त, तर दोष मिश्रणात: इंजेक्टर, सेन्सर, एअर फिल्टर. लँब्डा जवळपास १ आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणजे इंजिनने मिश्रण अचूक दिलंय, जाळायला ऑक्सिजनही होता, पण जाळणारा कुणी नाही. या एका ओळीने कॅटवर शिक्कामोर्तब झालं.

तरी पार्ट मागवला नाही. कॅट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला इंजिन मारतं. मारणारा सापडल्याशिवाय नवा टाकला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. मारणारे मुख्यतः तीन. मिसिंग, म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन एकत्र कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतात आणि जाळी वितळते. ऑइल पिणारं इंजिन, म्हणजे ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त थरावर बसून त्याचं तोंड बंद करतं. आणि हेड गॅस्केटमधून गळणारं कूलंट.

१५ ऑगस्टपर्यंत हे तिन्ही तपासले. कूलंटच्या बाटलीवर चिकटपट्टीने खूण केली, आठवड्यात पातळी हलली नाही. डिपस्टिकची दर दोनशे किलोमीटरला नोंद ठेवली, ऑइल नीट होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, काढलं, ६०० रुपये: १६५, १७०, १६०, १६८ पीएसआय. इथे चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत असणं महत्त्वाचं, आणि ते होते. राहिलं मिसिंग. जूनच्या पावसात तीन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेली होती, दिवा लुकलुकत होता, आणि कॉइल मिळेपर्यंत गाडी दहा दिवस तशीच शहरात फिरत होती. २,३५० रुपयांची कॉइल २७ जूनला याच मिस्त्रींकडे बदलली, गाडी सुरळीत झाली आणि विषय संपला असं वाटलं. कॅट त्याच दहा दिवसांत भाजला होता.

म्हणून कळकळीने लिहितो: मिसिंग सुरू झालं की त्याच दिवशी गाडी थांबवा. कॉइल मिळायला चार दिवस लागत असतील तर चार दिवस पीएमपीच्या बसने जा.

१८ ऑगस्टला पार्ट मागवला. पर्याय तीन होते. कंपनीचा मूळ पार्ट ३१,४०० रुपये. बाहेरच्या बनावटीचा ११ हजारांच्या आसपास. आणि भंगारातल्या गाडीचा काढलेला ४ हजार. भंगारातला घेऊ नका; आतली जाळी किती शिल्लक आहे हे वरून कुणालाच सांगता येत नाही. बाहेरच्या बनावटीत मौल्यवान धातू किती वापरलेत यावर सगळं अवलंबून असतं, आणि तो आकडा ना डब्यावर लिहिलेला होता ना दुकानदाराला माहीत होता. अशा पार्टवर पीयूसी पास होते आणि काही महिन्यांत पी-०४२० परत येतो, असं मिस्त्रींनी अनेक गाड्यांत पाहिलं होतं. गाडीच्या पंधरा वर्षांच्या फेरनोंदणीला तेव्हा अजून तीन वर्षं होती आणि इंजिन धड होतं, हे धरून मूळ पार्ट घेतला. वर्षभरात गाडी विकायची असती तर हिशेब वेगळा झाला असता.

मागवताना आरसी दाखवून चासी नंबरवरूनच पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलमध्ये महिन्या-महिन्याने फ्लँज आणि सेन्सरच्या जागा बदललेल्या असतात, आणि आगाऊ पैसे भरून मागवलेला पार्ट परत घेत नाहीत. निम्मी रक्कम आधी भरावी लागली.

२१ ऑगस्टला पीयूसी संपलं आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. पीयूसी नसताना पकडलं तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण नापास झालेली गाडी रस्त्यावर काढू नये, हे दंडाशिवायही खरं आहे. २७ तारखेला गणपती बसले, पार्ट २८ ला आला, मिस्त्री गौरी-गणपतीला गावी गेलेले. विसर्जन ६ सप्टेंबरला झालं आणि ९ सप्टेंबर, मंगळवारची वेळ मिळाली. पुण्यात ऑगस्टच्या शेवटी असं काम निघालं तर हे दोन आठवडे धरूनच चला.

८ तारखेच्या संध्याकाळी फ्लँजच्या नटांवर आणि सेन्सरच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. दुसऱ्या दिवशी इंजिन कोमट असताना काम सुरू झालं. सेन्सर २२ मिलिमीटरच्या, वायरसाठी खाच असलेल्या सॉकेटने निघतो. साध्या पान्याने ओढाताण केली की त्याचे कोपरे घासतात. तीनपैकी एक स्टड तुटलाच, ड्रिल करून आटे नवे पाडले, ४५० रुपये. दोन्ही बाजूंचं पॅकिंग, स्टड आणि नट नवे, ६४० रुपये. पॅकिंगला सिलिकॉन लावू नका असं आधीच बजावून ठेवा. त्याची वाफ सेन्सरला आणि कॅटला दोघांनाही मारते. आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटीसीझ पेस्ट लावली, सेन्सरच्या टोकाला लागू न देता. पुढचा सेन्सर चपळ होता, म्हणून तोच ठेवला. साडेतीन तास, मजुरी २,२००.

जुना डबा समोरून टॉर्च मारून पाहिला. मधोमध दहाच्या नाण्याएवढा खळगा. त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत, भोकं एकमेकांत वितळून मिटलेली, जणू पोळ्यातलं मेण तापून बसलं होतं. कडेची भोकं मोकळी होती, पलीकडून बोट हलवलं तर उजेड हलताना दिसायचा, म्हणूनच दाब वाढला नव्हता. ऑइलची पांढुरकी राख कुठेही नव्हती. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त जूनमध्ये काढलेली कॉइल शेल्फवरून आणून डब्याशेजारी ठेवली.

जुना कॅट गॅरेजमध्ये सोडू नका. त्यातल्या धातूंना किंमत असते. मागून घ्या, किंवा बिलातून तेवढे पैसे कमी करून घ्या. इथे तो पोत्यात घालून घरी आणला.

नवा कॅट बसवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जळका वास आणि थोडा धूर येतो, हाताचं तेल आणि आतलं पॅकिंग तापतं म्हणून. तेव्हा जोरात रेस देऊ नका. त्यानंतर कोड उडवला आणि आलेख लावला. मागचा सेन्सर ०.६२ ते ०.६८ च्या मध्ये, एक रेघ. पाय काढल्यावर पुढचा कोसळला, मागचा रेंगाळला.

१० सप्टेंबरला पुन्हा पीयूसी, पुन्हा १२५ रुपये. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.०४, हायड्रोकार्बन २२, रेसला ०.०३, लँब्डा १.००२. लँब्डा जवळपास ऑगस्टचाच, बाकी सगळं खाली. प्रमाणपत्र ९ सप्टेंबर २०२६ पर्यंत.

अडॅप्टर, गेज आणि दोन्ही पीयूसी धरून एकूण ३९,४७० रुपये. जूनची कॉइल वेगळी. यातले साडेपाच हजारांच्या आत निदानाचे. त्यातला अडॅप्टर आणि गेज आता सोसायटीतल्या आणखी दोन जुन्या गाड्यांसाठी फिरतोय.

२८ सप्टेंबरच्या सकाळी पुन्हा खेड शिवापूर गाठलं. कॅटची चाचणी पूर्ण, पेंडिंगमध्ये काही नाही. लाँग टर्म ट्रिम अजूनही अधिक ६ वर आहे, ते ई-२० मुळे तसंच राहणार.